पाठीवरचा चिखल

माझं मत कोणी विचारत नाही. त्यानं माझं काही अडत नाही, कारण मी ते न विचारता देतो. आमच्या लाँड्रीत माणूस पँट घ्यायला येतो आणि पँटीबरोबर माझं मत घेऊन जातो. पँटीचे पैसे पडतात, मत फुकट. बायको म्हणते, म्हणूनच ते कोणी घडी घालून ठेवत नाही.

मत तसं एकच आहे. कॉलेजचा खेळ तो खरा खेळ, आणि क्लबचा, पगारी, करारावर सही करून खेळलेला खेळ म्हणजे निव्वळ नोकरी. कॉलेजची पोरं जीव तोडून पळतात, क्लबवाले घड्याळ बघून. कॉलेजचा पोरगा हरला तर ढसाढसा रडतो, क्लबवाला हरला तर केस सारखे करतो. हे मी इतक्या वेळा बोललोय की समोरच्या दुकानातला शिंपी माझं वाक्य माझ्याआधी पुरं करतो, आणि वर विचारतो, आज काही नवीन माल आलाय का.

बरं, मी हवेत बोलत नाही. माझ्याकडे पुरावा आहे. गावातल्या मोठ्या फुटबॉल क्लबचे कपडे आणि कॉलेजच्या मुलींच्या टीमचे कपडे, दोन्ही आमच्याकडेच धुवायला येतात. कोण किती खेळलं हे लोक दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतात, मी शर्टावर वाचतो. क्लबचं सामान दर सोमवारी येतं. ते आणणारा माणूस खांद्यावर पोतं नसताना कोणी पाहिलेला नाही, म्हणून सगळे त्याला पोतेवाले म्हणतात. त्यांच्या पोत्यातला एकेक शर्ट मी उलगडतो आणि माझं डोकं फिरतं. अर्ध्या शर्टांची आम्हीच केलेली इस्त्री मोडलेली नसते. नऊ नंबरच्या शर्टाची तर गोष्टच सोडा. तो माणूस गोल मारायला ठेवलाय म्हणे. त्याचा शर्ट बघून वाटतं, मैदानात आला, फोटो काढला आणि घरी गेला.

'घाम आणि माती खोटं बोलत नाहीत,' असं मी म्हणायचो. गल्ल्यावर हात आपटून म्हणायचो.

आणि याउलट बुधवारी दुपारी यायचं कॉलेजचं गाठोडं. ते आणायची माझी मुलगी. तिला घरात ठकी म्हणतात, आणि ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असली तरी ठकीच म्हणतात. ती टीममध्ये मागच्या फळीत खेळते, बॅक म्हणून. समोरच्या टीमची मुलगी बॉल घेऊन गोलाकडे आली की तिला अडवायचं हे तिचं काम. नंबर चार. तो चार नंबरचा शर्ट मी गाठोड्यातून काढायचो तेव्हा माझी छाती दोन बोटं फुगायची. मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा नुसता गिलावा. मी तो लगेच धुवायला टाकत नसे. गल्ल्यामागच्या खुंटीला संध्याकाळपर्यंत लटकवून ठेवायचो आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचो. याला म्हणतात खेळ, साहेब. कोट न्यायला आलेला माणूस आपला कोट त्या चिखलापासून लांब धरून हो हो म्हणायचा.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून हसलात तर राग मानणार नाही. ठकीच्या कॉलेजचा एकही सामना मी पाहिलेला नव्हता.

कारण होतं. कॉलेजचे सामने बुधवारी सकाळी असतात, आणि बुधवारी सकाळी आमच्याकडे हॉटेलच्या चादरी येतात. दोन्ही मोठी मशिनं चालू, पाणी काढायचं मशीन थरथरतंय, बायको वाफेच्या इस्त्रीवर, अशा वेळी मालकानं मैदानावर जाऊन बसायचं म्हणजे काय? असं मी विचारायचो, आणि कोणी उत्तर देत नसे. क्लबचा सामना मात्र रविवारी संध्याकाळी. तो मी आणि माझ्या मेहुण्यानं कधी चुकवला नाही. आमच्या जागा ठरलेल्या, खेळाडूंच्या बाकाच्या बरोबर मागे. अंगात ताप असला तरी मी स्वेटर घालून जायचो आणि पहिल्या मिनिटापासून नऊ नंबरला घरी जायला सांगायचो. ज्याचे गोडवे गायचे त्याच्याकडे फिरकायचं नाही आणि ज्याला शिव्या घालायच्या त्याच्यासाठी रांगेत उभं राहून तिकीट काढायचं, असा माझा खाक्या. यात काही विसंगत आहे हे मला कधी सुचलं नाही. मला पुष्कळ गोष्टी सुचत नाहीत, पण मत सुचायचं राहत नाही.

तर एका सोमवारी पोतेवाले आले, पोतं टेबलावर टाकलं आणि म्हणाले की मालक, तुमची मुलगी भलतीच ठाम निघाली. मी विचारलं, का, काय झालं? तर क्लबची मुलींचीही एक टीम आहे. तिच्या कोचबाईंनी ठकीला बोलावून घेतलं होतं. आमच्याकडून खेळ, पगार देऊ, राहायची सोय करू. ठकीनं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली.

माझा आधी विश्वासच बसेना. मग असा बसला की विचारू नका. मी तसाच रस्ता ओलांडून शिंप्याकडे गेलो आणि त्याच्या तोंडात टाचण्या असताना त्याला सांगितलं, म्हणजे त्याला मध्ये बोलता येऊ नये. माझ्या मुलीनं क्लबच्या तोंडावर नकार फेकला. पगार नको म्हणाली. याला म्हणतात संस्कार. परत येऊन दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना सांगितलं. मेहुण्याला फोन केला, तो म्हणाला, भाऊजी, तिला वेड लागलंय की तुम्हाला? मी फोन ठेवून दिला. मोठेपणा कळायला मन लागतं.

बायको इस्त्री करत होती. नेहमीपेक्षा जास्त वाफ सोडत होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"का नाही म्हणाली, हे विचारलंत तिला?"

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, रक्त कोणाचं आहे. त्यावर तिनं इस्त्री बाजूला उभी केली. हे कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, म्हणाली. या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी फायनल. त्या दिवशी कॉलेजचा शर्ट अंगातून उतरला की उतरला. त्यानंतर या गावात मुलींना खेळायला क्लबखेरीज दुसरी जागा नाही.

"फायनल झाली की बूट धाकट्या मुलींना देऊन टाकणार म्हणते ती. मग कुठे खेळणार आहे? तुमच्या चादरींवर?"

खरं सांगायचं तर हा हिशेब मी केलाच नव्हता. माझ्या मतात खेळाडू कॉलेजात खेळायचा आणि खरा राहायचा, पुढे त्याचं काय होतं ते मतात नव्हतं. पण मी हार मानणाऱ्यातला नाही. तत्त्वासाठी सोसावं लागतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. तुम्हाला काय सोसावं लागतंय, असं तिनं विचारलं आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. ठकी शुक्रवारपासून न्हाणीघरात नळ सोडून बसते, आणि बाहेर येते तेव्हा डोळे लाल असतात, हेही तिनं सांगितलं. मी म्हणालो, साबण गेला असेल.

पुढच्या बुधवारी सेमीफायनल होती. कॉलेज जिंकलं. ठकी गाठोडं टाकून, चहा न घेताच वर गेली. मी चार नंबरचा शर्ट काढला, चिखलानं माखलेला, खुंटीला लावला, आणि मला पुन्हा बरं वाटलं. अशी मुलगी आणि क्लबात? छे.

संध्याकाळी पोतेवाले धुतलेले कपडे न्यायला आले. आज सकाळी कोचबाईंना घेऊन ते कॉलेजच्या मैदानावर गेले होते. बाई अजून जागा भरत नाहीयेत, म्हणाले. फायनलपर्यंत थांबणार आणि तेव्हा पुन्हा विचारणार. अशी बॅक त्यांनी बघितलेली नाही म्हणे. बॉल कुठे येणार ते तिला आधीच कळतं, ती नुसती तिथे जाऊन उभी राहते.

"बाई म्हणाल्या, पोरगी अंगाला माती लागू देत नाही."

झालं. माझी तार सटकली. माझ्या मुलीला, माझ्याच दुकानात, स्वच्छ खेळाडू म्हणायचं? म्हणजे नऊ नंबरची बहीण? मी खुंटीवरचा शर्ट काढून त्यांच्यासमोर टेबलावर आपटला, आणि म्हणालो की तुमच्या बाईंना म्हणावं, आधी चष्मा करून घ्या.

पोतेवाल्यांनी शर्ट उलटासुलटा करून बघितला. आजचा का, विचारलं. आजचाच, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. आज ती एकदाही पडली नाही, म्हणाले. मी म्हणालो, मग हा चिखल काय आभाळातून आला?

"मालक, त्या मैदानावर चिखल आहेच कुठे?" ते शांतपणे म्हणाले. "टणक जमीन, नुसती धूळ आणि खडे. चिखल काय तो कोपऱ्यातल्या नळापाशी. पण तुम्हाला ठाऊकच असेल की."

"ठाऊक आहे ना," मी म्हणालो.

ते पोतं उचलून गेले. मी शर्ट घेऊन मागच्या खोलीत, कपडे निवडायच्या टेबलापाशी गेलो. गाठोड्यात हात घालून चार नंबरची चड्डी शोधून काढली. ती मी कधी बघितलीच नव्हती. शर्ट कौतुकाला काढायचो आणि बाकी सगळं गठ्ठ्यानं मशिनात ढकलायचो. चड्डीवर थोडी धूळ होती, बस. आता मी डाग काढण्यात केस पिकवलेला माणूस. जो घसरून बॉल काढतो त्याची आधी चड्डी बाद होते, मग शर्टाची कूस आणि कोपर. या शर्टाचे कोपर स्वच्छ होते. पुढची बाजू स्वच्छ होती. चिखल होता तो पाठीवर, खांद्यापासून खांद्यापर्यंत, एकसारखा. माणूस चिखलात उताणा झोपून दोन वेळा इकडून तिकडे झाला की होतो तसा. आणि खाली घाम केव्हाच वाळलेला, त्याच्यावर हा ओला चिखल बसलेला. म्हणजे खेळ संपल्यावर.

हे ओळखायला मला आंघोळीला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तीन वर्षांत तेवढा वेळ मला का मिळाला नाही, ते मात्र विचारू नका.

ठकी खाली आली तेव्हा मी तिथेच उभा होतो, एका हातात शर्ट, एका हातात चड्डी. तिनं ते बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती माझ्यासारखी नाही, तिला बॉल येण्याआधी कळतो.

"नळापाशी?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली. मला वाटलं होतं ती लाजेल, किंवा हसेल. ती टेबलाच्या पलीकडे उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. पहिल्या वर्षी एकदा तिचा शर्ट स्वच्छ आला होता, म्हणाली. तेव्हा मी दुकानात चार माणसांसमोर तिला विचारलं होतं, काय गं, आज बाकावर बसवलं होतं वाटतं? मला काही आठवेना. असं मी दिवसाला दहा जणांना बोलतो.

"त्या दिवशी मी सगळ्यांत चांगली खेळले होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही यायचा नाहीत. तुमच्यापर्यंत माझा शर्टच पोचायचा. मग त्याच्यावर तुम्हाला आवडेल ते घालून पाठवायचे."

मशीन बंद होतं. एरवी ते नेमकं अशा वेळी धडधडत असतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि ज्या घरात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही त्या घरातली माणसं घाबरतात. बायको इस्त्री सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

शेवटी मी म्हणालो, तू क्लबला हो म्हण. उद्या जा आणि सांग. माझं काय, मी काहीही बडबडतो.

तिनं टॉवेल खाली ठेवला. मला वाटलं काम झालं. पण पोरगी माझीच, हट्टी. आता चिखल खोटा निघाला म्हणून मत बदललं का, असं विचारलं तिनं. आधी शर्ट बघून नाही म्हणायचं, आता चड्डी बघून हो म्हणायचं, मला बघून कधी म्हणणार आहात? तिला परवानगी नको होती. तिला माझ्याविरुद्ध जाऊन खेळायचं नव्हतं आणि माझ्या उपकारावरही खेळायचं नव्हतं.

"फायनलला या. एक मॅच बघा. मग सांगा काय वाटतं ते."

शनिवार म्हणजे लाँड्रीवाल्याचा सोन्याचा दिवस. आठवडाभराचे कपडे लोक शनिवारी नेतात. त्या शनिवारी मी सकाळी शटर खाली ओढलं तेव्हा शिंपी धावत बाहेर आला आणि त्यानं विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, मी जातोय, मॅचला. त्यानं डोक्याला हात लावला.

कॉलेजचं मैदान तसंच होतं, पोतेवाल्यांनी सांगितलं तसं. टणक, फुफाट्याचं, आणि दूरच्या कोपऱ्यात एक गळका नळ. बसायला सिमेंटच्या चार पायऱ्या. मी आणि बायको खालच्या पायरीवर बसलो. दुसऱ्या टोकाला टोपी घातलेल्या कोचबाई, शेजारी पोतेवाले, आज खरोखरच पोत्याशिवाय. आणि समोर माझी ठकी.

पहिला अर्धा तास मला काही उमगलं नाही. बाकीच्या मुली पळत होत्या, धडकत होत्या, पडत होत्या. ठकी बसची वाट बघत असल्यासारखी उभी. मध्येच चार पावलं डावीकडे जायची. कशाला गेली म्हणून मी बघतोय तर बॉल आपणहून तिच्या पायाशी यायचा. ती तो कोणाला तरी द्यायची आणि पुन्हा उभी. मला वाटलं, नशीब जोरावर आहे. मग तेच इतक्यांदा झालं की नशीब म्हणायची सोय राहिली नाही. समोरच्या टीमची ती उंच मुलगी, त्यांची सगळ्यांत चलाख, ठकीच्या अंगावर बॉल घेऊन यायची आणि जवळ आल्यावर तिलाच सुचेनासं व्हायचं. मला अभिमान वाटला, पण नेहमीचा नव्हे. नेहमीचा मी बोलून टाकतो.

आणि इथे मी माती खाल्ली.

ती उंच मुलगी पुन्हा बॉल घेऊन निघाली. या वेळी जोरात. ठकी मागे मागे सरकत होती, सरळ उभी, वाट बघत. गोल जवळ येत चालला. मी काही ठरवून केलं नाही. रविवारच्या सवयीनं माझं बूड उचललं आणि क्लबच्या मैदानाला पुरतो तो आवाज त्या चार पायऱ्यांवरून निघाला:

"आडवी हो! घसर, ठके, घसर!"

पोरीनं ऐकलं. इतक्या वर्षांत बाप पहिल्यांदा आला होता, त्याचं कसं ऐकणार नाही? ती घसरली. त्या उंच मुलीला तेवढंच हवं होतं. तिनं बॉल अलगद बाजूला घेतला, आडव्या पडलेल्या ठकीला वळसा घातला आणि गोल मारला.

बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता माझा शर्ट मागून धरून मला खाली बसवलं.

मध्यंतराला मी उठलो. कुठे निघालात, बायको म्हणाली. मी म्हणालो, जिथे जायला हवं तिथे. मैदानाच्या कडेनं चालत कोचबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. मॅडम, तो गोल तिचा नाही, तो माझा आहे, मी म्हणालो. मी ओरडलो म्हणून ती पडली. एरवी ती पडत नाही, हवं तर तिचे कपडे दाखवतो. हे शेवटचं कशाला बोललो देव जाणे.

बाईंनी टोपी जरा वर केली. "तुमचा आवाज ओळखला मी. रविवारी बाकाच्या मागे बसता ना? नऊ नंबरला घरी पाठवणारे तुम्हीच."

मी मान खाली घातली. पोतेवाले दुसरीकडे बघायला लागले. बाई रागावल्या नाहीत, ते अधिक वाईट. ठकी त्यांना हवी आहे, म्हणाल्या. पण आमच्या मैदानावरही हा आवाज येणार, आणि हजारो आवाज येणार. त्यात तुमचा आवाज आला की ती स्वतःचं सोडून तुमचं ऐकणार असेल, तर मला विचार करावा लागेल. मी म्हणालो, मी येणार नाही. शपथ घेतो. माझी जागा सोडून देतो.

"तुम्ही न आल्यानंच हे झालंय असं दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि मैदानाकडे वळल्या.

उत्तरार्धात मी आयुष्यात कधी बसलो नसेन तसा बसलो. दोन्ही हात मांडीखाली. तोंड इतकं घट्ट मिटलं होतं की जबडा दुखायला लागला. बोलावंसं किती वाटत होतं म्हणता! पंच चुकला, मी गप्प. आमच्या मुलीला ढकललं, मी गप्प. बायको मधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, दुखणं तर नाही ना म्हणून.

आणि शेवटी शेवटी पुन्हा ती उंच मुलगी निघाली. त्याच बाजूनं, त्याच वेगानं. या वेळी चारही पायऱ्या उठल्या. कोणाचा भाऊ, कोणाची आई, कॉलेजचे शिपाई, सगळे ओरडायला लागले, पाड तिला, घसर, आडवी हो. ठकी मागे सरकत होती. तेवढ्यात तिनं क्षणभर पायऱ्यांकडे बघितलं. मला शोधत होती. मी तिला सापडलो. मांडीखाली हात घातलेला, लाल झालेला, डोळ्यांतून पाणी गळत असलेला एक जाडा माणूस. मी काही बोललो नाही. खूण केली नाही. मानही हलवली नाही, मला ती कुठल्या बाजूला हलवायची तेच ठाऊक नव्हतं.

तिनं नजर वळवली. आणि सरळ उभी राहिली. आणखी एक पाऊल, आणखी एक. ती उंच मुलगी ज्या बाजूला बॉल काढणार होती तिथे ठकी तिच्याआधी पोचलेली होती. बॉल घेतला, वर बघितलं, पुढे दिला. इतकंच. कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही, कारण तिथे टाळी वाजवण्यासारखं काही झालं हे कोणाला दिसलंच नाही. कोचबाई मात्र पोतेवाल्यांना काहीतरी म्हणाल्या.

कॉलेज हरलं. त्या एका गोलानं, म्हणजे माझ्या. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. त्यातून सुटून ठकी पायऱ्यांकडे आली. चार नंबरचा शर्ट स्वच्छ होता, फक्त एका कुशीवर धुळीचा लांब पट्टा होता. तो मी पाडलेला. तो कसा काढायचा हे मला ठाऊक आहे, आणि तरी तो बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, ठके, तो गोल... तिनं हातानं थांबवलं.

"ते राहू द्या. बघितलंत ना? सांगा आता, काय वाटलं?"

बायको माझ्याकडे बघत होती. ठकी बघत होती. मी डोक्यात शोधलं. कॉलेजबद्दल काही, क्लबबद्दल काही, जुन्या साठ्यातलं काहीही. एक वाक्य हाताला लागेना. नऊ नंबरबद्दल होतं एक, पण ते मी गिळलं. त्याच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, एका दिवसात माणसानं किती सुधारायचं?

"मला खेळातलं काही कळत नाही गं," मी म्हणालो. "पण तुला खेळताना अजून बघायचंय मला."

ती खाली बघत राहिली. हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. मग माझ्या खांद्यावरची धूळ उगाचच झटकली, आईकडे बघून हसली.

"येते हं, बाबा," म्हणाली, आणि कोचबाई उभ्या होत्या तिकडे चालू लागली.